वास यायला पायजे

आबा आज सकाळी गेले. मला रडू यायच्या आधी लाज वाटली.

आबा म्हणजे माझे पणजोबा. पेडगावचे. नव्वदी कधीच ओलांडलेली, पण माठात क्लोरीनचे थेंब रोज स्वतःच्या हातानं टाकायचे.

मग अर्धा तास थांबायचे, पेला नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "वास यायला पायजे. वास न्हाई तर पाणी न्हाई."

आम्ही हसायचो. माझा चुलतभाऊ म्हणायचा, "आबांचा माठ म्हणजे स्विमिंग पूल!"

आणि मी? मी घरातला सायंटिस्ट. इंग्लिश मीडियम, केमिस्ट्रीत टॉपर, डोकं कायम हवेत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सगळे जमले होते. मी ओसरीवर शो लावला. "आबांच्या पाण्याचा वास एका चिमटीत गायब!"

थेंबांच्या बाटलीत असतं सोडियम हायपोक्लोराइट. ते पाण्यात विरघळतं, जंतू मारतं आणि थोडं शिल्लक राहतं. नंतर घाण हात बुडाला तर तेच सांभाळतं. तो वास त्या शिलकीचा.

व्हिटॅमिन सी पण पाण्यात विरघळतं. दोघं भेटले की हायपोक्लोराइटचं साधं क्लोराइड होतं, आपल्या मिठात असतं तेच.

वास संपला. पहारा पण संपला.

हे मला माहीत होतं. तरी मी आबांच्या माठात व्हिटॅमिन सीची पावडर टाकली, ढवळलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. "घ्या आबा, मॅजिक!"

त्यांनी वास घेतला. परत घेतला.

"काय टाकलास ह्याच्यात?"

"व्हिटॅमिन आबा. घाण वास गेला."

सगळा माठ त्यांनी अंगणात पालथा केला. माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "अक्कल हाय का तुला?"

मग तिथंच पायरीवर बसून सांगितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. गावात पटकी आली, म्हणजे कॉलरा. तालुक्याहून दवाखान्याचा माणूस आला आणि विहिरीत पांढरी पावडर टाकून ओरडला, "हैजा है! यही पानी पियो!"

"माझी बहीण गंगी, पाच वर्साची. म्हणली, दादा, पान्याला घाण वास यायलाय, मी न्हाई पीत. लय रडायली. मग मी वढ्यावरून कळशी भरून आणली. बिनवासाची. पिली अन् म्हणली, दादा, लय ग्वाड हाय."

आबांनी पालथा माठ जवळ ओढला.

"तिसऱ्या दिवशी गेली. मीच पाजलं रे तिला."



आणि मी काय बोललो माहितीये?

"पण आबा, टेक्निकली हे पाणी आधीच शुद्ध झालं होतं."

हो. हेच बोललो.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "हां. शिकलेला हायस तू." बस एवढंच. उठून माठ धुवायला गेले.

सॉरी म्हणायचं राहिलं. रोज ठरवायचो. नंतर ते अंथरुणाला खिळले, थेंब टाकायचं काम मी मागून घेतलं. पेला त्यांच्या नाकाशी धरायचो, ते मान हलवायचे, मग प्यायचे. तेव्हा पण म्हणता आलं असतं. म्हणालो नाही.

आज सकाळी त्यांचा श्वास मंदावला, तेव्हा सगळे म्हणाले, तोंडात पाणी घाला. काकूंनी बाजारातली सीलबंद बाटली उघडली.

मी म्हणालो, "काकू, थांबा. माठातलं आणतो."

"अरे, त्याला वास येतो!"

"म्हणूनच."

आणलं. आधी स्वतः वास घेतला. मग वाटी त्यांच्या नाकाशी धरली. मान हलली का, मला कळलं नाही. तुळशीच्या पानानं दोन थेंब सोडले.

सॉरी, आबा. त्या दिवशीचं पण आणि नंतरच्या रोजचं पण.

आजच्या पाण्याला वास होता, आबा. मी बघितला. सुखानं जावा.