कापसाचं चाक

दत्तानं माझ्यावर कृपा केली असं मी सांगायला लागलो की नंदुरबारच्या आमच्या गल्लीतले लोक एकमेकांकडे बघून हसतात. त्यांचा दोष नाही. माझ्या तोंडातून निघालेला एक वाघ कोपऱ्यावर पोचेपर्यंत चार वाघ झालेला असतो, हे मला मान्य आहे. पण ही गोष्ट मी एका वाघाचा एकच वाघ ठेवून सांगणार आहे. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल उठून जावं. मी त्याच्या दारात पटवायला येणार नाही.

मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही वर्षं. माझ्या डाव्या पायाला नारू झाला. विहिरीच्या पाण्यातून तो अंगात शिरायचा आणि पोटरीतून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. त्याला काडीवर गुंडाळत रोज बोटभर, हलक्या हातानं ओढायचं आणि महिनाभर धीर धरायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणे. मी तिसऱ्याच दिवशी हिसका दिला. नारू आत तुटला, पाय पिकला, आणि बरा झाला तेव्हा असा आखडला की टाच जमिनीला टेकेना. त्या आजारपणात माझ्या मायनं सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोलला होता. पोरगा वाचू दे, तो अनवाणी चालत तुझ्या दारी येईल, आणि तो येईपर्यंत मी भाकर तोंडात घालणार नाही. मी वाचलो. चालता मात्र येईना. माय तीन वर्षं दूध, केळी आणि शेंगदाण्यांवर राहिली.

चालता येत नाही म्हणून मी घरात बसेन असं ज्यांना वाटलं, त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. त्या कमाईतून एक जुनी विलायती सायकल आणली. डावा पाय पट्ट्यानं पायडलला बांधायचा आणि सगळा जोर उजव्यानं मारायचा. सहा महिन्यांत मी असा सुटलो की समोरून येणारे बैल गाडीवानाला न विचारता वाट सोडायचे. तळोद्याचा लाकडांचा बाजार, डोंगरातून पावरा लोक चारोळी आणि मध घेऊन उतरतात तो अक्कलकुव्याचा बाजार, नवापूरकडची सागाची वाट, प्रकाशाचा संगम आणि त्याच्या काठची जुनी देवळं, सगळं मी एका पायानं पालथं घातलं. लोक विचारायचे, काय काम काढलंस? मी म्हणायचो, काम नाही, बघायला आलो. या उत्तरानं माणसं जेवढी चिडत, तेवढी शिवीनंही चिडत नसत. खानदेशातल्या बाभळींचे निम्मे काटे माझ्या टायरनं वेचले आहेत. उरलेल्या निम्म्यांचं मी सांगत नाही, कारण खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय.

एका मार्गशीर्षात मायनं अंथरूण धरलं. वैद्यबुवा म्हणाले, पोटात धान्य गेलं नाही तर संक्रांत दिसणार नाही. मी तिच्या पाया पडलो, रागावलो, बायकोनं भाजलेल्या भाकरीचा तुकडा तिच्या ओठाला लावून पाहिला. तिनं तोंड फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "देवले शबद देयेल शे, बेटा." त्या क्षणी मला दत्ताचा इतका राग आला की काय सांगू. लंगड्याला चालायला लावणारा आणि म्हातारीला उपाशी ठेवणारा हा कसला देव? मी ठरवलं की त्याला फसवायचं. दत्तजयंतीच्या यात्रेला सायकलवर जायचं, यात्रेच्या तोंडाशी सायकल कुणाच्या तरी पालामागे लपवायची, काठीवर भार देऊन शंभर पावलं लंगडत देऊळ गाठायचं आणि घरी येऊन मायला सांगायचं की सगळी वाट चालत गेलो. देवाशी माझं भांडण उघड होतं. मायशी लबाडी मात्र मी मनात ठेवली, आणि तिला खरं वाटावं म्हणून वहाणा घरीच सोडल्या.

पहिल्या दिवशी मी प्रकाशापर्यंत आलो, होडीवाल्याच्या शिव्या खात सायकलीसकट तापी ओलांडली आणि धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याच्या बाजारात शेव आणि हिरवी मिरची खाल्ली आणि सारंगखेड्याची वाट धरली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. यात्रेला जाणाऱ्या घोड्यांच्या टापांनी रस्त्याचं पीठ केलं होतं. शेतांच्या कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या त्या धुळीत दडून बसल्या होत्या. पहिला काटा लागला, मी ठिगळ लावलं. दुसरा लागला, लावलं. तिसऱ्या काट्यानं ट्यूब हवा भरायच्या नळीपाशीच फाटली. तिथं ठिगळ बसत नाही, आणि चिकटवायचं द्रावणही संपलं होतं. सारंगखेडा अजून दोन कोस होतं आणि सूर्य डोक्यावर आला होता.

मी रस्त्यात बसलो आणि आभाळाकडे तोंड करून दत्ताला बोलायला लागलो. काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. जे लिहिता येईल ते एवढंच, की माझा पाय तुला पुरला नाही, आता मायचा जीवही पाहिजे का, असं मी ओरडून विचारलं. तेवढ्यात कपाशीतून एक गुजर म्हातारी बाहेर आली. डोक्यावर पदर, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी. शेतातल्या बायांना वाटलं होतं की रस्त्यावर दोघांची मारामारी जुंपलीय, म्हणून ती बघायला आली होती. माझ्यासमोर दुसरा कुणीच नाही हे पाहून तिनं विचारलं, "कोना संगे भांडी ऱ्हायना रे भाऊ?"

"दत्ता संगे," मी म्हणालो.

"मंग धीरे भांड. तो काय बहिरा नही."

मी तिला सगळं सांगितलं. लबाडीचा बेतसुद्धा सांगितला, का ते मला आजही कळत नाही. गाडी देतेस का असं विचारलं, तर गाडी पहाटेच यात्रेला गेली होती. तिनं चाक फिरवून पाहिलं, टायरात बोट घातलं आणि खाली बसून कमरेची ओटी माझ्यापुढे मोकळी केली. सरकीसकट कापूस आम्ही दोघांनी मूठमूठ टायरात कोंबला. गादीवाल्यानं गादी भरावी तसं ते चाक भरलं. मी खोगिरावर टांग टाकणार, तोच तिनं माझा हात धरला. बसलास तर टायर निसटेल, कापूस काही तुझं वजन पेलणार नाही, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग एवढा उपद्व्याप कशाला केला? सायकलीवर हात ठेवून ती म्हणाली, "आज लगून ती तुले लई गयी. आते तू तिले धरीसन चाल."

मी चाललो. दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकलीवर भार टाकून, अनवाणी. पहिल्या शंभर पावलांत डोळ्यांपुढे तारे चमकले. डाव्या पावलाचा पुढचा भाग तीन वर्षांत कधी वहाणेशिवाय मातीला लागला नव्हता, तो निखाऱ्यावर ठेवल्यासारखा झाला. मागून येणाऱ्या एका घोडेवाल्यानं टायरातून डोकावणारा कापूस पाहून विचारलं, या घोड्याले तू कापूसच चारस का? मी म्हणालो, हो, म्हणून तर हा लीद टाकत नाही. तो हसत पुढे गेला. मी दर वीस पावलांना थांबत होतो आणि थांबलो की दत्ताला शिव्या देत होतो. पण अर्ध्या वाटेवर एक गोष्ट ध्यानात आली. सायकल टाकून रस्त्यावरच बसून राहावं, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

दिवस कलताना देवळात पोचलो. सायकल लपवायचं विसरूनच गेलो, ती घोड्यांच्या रांगेत उभी राहिली. सारंगखेड्याचा दत्त एकमुखी आहे. त्याच्यासमोर काढायचं भांडण मी वाटेत पाठ केलं होतं. उभा राहिलो आणि त्यातला एक शब्द आठवेना. डोळ्यांतून पाणी मात्र असं वाहिलं की... नको, तापीला पूर आला असं मी म्हणणार नाही. उपरण्याचं टोक भिजलं, एवढंच.

यात्रेतल्या एका कारागिरानं ट्यूब बदलून दिली. वाचणाऱ्याला आता वाटेल की परतताना मी ते शेत शोधलं आणि म्हातारी तिथं नव्हतीच, गावात विचारलं तर अशी कुणी बाईच नाही म्हणाले. तसं काही झालं नाही. म्हातारी होती. टायरातून काढलेला कापूस मी तिला परत दिला, तेव्हा मळवून आणलास म्हणून तिनं मला दोन शब्द सुनावले. मी तिच्या पाया पडलो तर पाय मागे घेत म्हणाली, घरी जा, माय वाट पाहत असेल.

घरी आलो. मायच्या उशाशी बसलो आणि खरं सांगायला तोंड उघडलं, की माय, दोनच कोस चाललो. तिनं मला बोलू दिलं नाही. माझा डावा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पाऊल उलटं केलं. तिथं रुपयाएवढा फोड आला होता. त्यावरून तिनं बोट फिरवलं, कितीतरी वेळ. मग माझ्या बायकोला हाक मारली आणि बाजरीची भाकर टाकायला सांगितली. पहिला घास चावून झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी शे वं."

ती पुढे अकरा वर्षं जगली. काटा कुणी ठेवला आणि म्हातारी कुणी पाठवली, या वादात मी पडत नाही. ज्याला पडायचं असेल त्यानं त्या वाटेनं सायकल घालून बघावी. नारू ओढताना जो धीर मला महिनाभर धरता आला नाही, तो त्या दोन कोसांत पावलापावलानं माझ्याकडून धरवून घेतला गेला. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला कधी वाटलं नाही. मी अजून दत्ताशी भांडतो, कडाकडा भांडतो. फक्त भांडताना सायकलवरून खाली उतरतो.