कोणता कान खरा

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की सगळे कँटीनकडे पळायचे आणि हा मात्र सुट्या भागांच्या खोलीत शिरून आतून कडी लावायचा. एका कानात बोट खुपसायचं, मोबाइलवर एक सूर दाबायचा. मग ते बोट काढून दुसऱ्या कानात, आणि पुन्हा तोच सूर. कुणी पाहिलं असतं तर मिस्त्री कामातून गेला असंच म्हटलं असतं. डाव्या कानाला तो सूर जागच्या जागी वाटे, उजव्याला त्याच्या शेजारचा, किंचित वरचा. दोन्ही कान उघडे ठेवले की दोघांची जुंपायची. दोघांतला खोटारडा कोण हे त्याला ठरवायचं होतं, आणि पंधरा दिवस झाले तरी ते ठरत नव्हतं.

आणि याच माणसाला कारखान्यात सगळे कानसेन म्हणायचे! साठ मागांची ती शेड, आत उभं राहिलं तर शेजारच्याला ओरडून सांगावं लागे. त्या गदारोळात हा दारातूनच सांगायचा, "तिसऱ्या रांगेतला शेवटून दुसरा माग थांबवा, बेअरिंग जातंय." माग उघडला की बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ते सत्तावीस वर्षं याच्या वरच्या खिशात पडून. बोळे घातले तर मशीनचं दुखणं ऐकू कसं येणार? साहेब समोर असले की घालायचा, त्यांची पाठ वळली की काढायचा. ज्या कानांच्या जिवावर बढती मिळवली तेच कान त्याने रोज आठ तास त्या शेडपुढे उघडे टाकले. याला शहाणपण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

घरी त्याचा दुसरा संसार होता, चालींचा. मुलगी शब्द लिहायची, हा गिटार घेऊन चाल बांधायचा, कॉर्ड बसवायचा, आणि मग ती गायची. एकोणीस वर्षांची पोर, आवाज मोकळा, पण सुराच्या बाबतीत सगळी भिस्त बापावर. गाता गाता ती त्याच्याकडे बघे. त्याची भुवई जरा हलली की समजायचं, सूर सरकला. दुसरा गुरू तिने केलाच नव्हता, कारण घरात कानसेन असताना बाहेर कशाला जायचं?

दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी गिटार लागेना. त्याने तारांना शिव्या घातल्या, नव्या तारा आणल्या, मग खुंट्यांवर संशय घेतला. शेवटी एकदा दाराची बेल वाजली, त्याने सहज मान वळवली आणि मान वळता वळता बेलचा सूर बदलला. बेल काही बदलली नव्हती. तो तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. बेल वाजवणारा बिचारा बाहेर ताटकळत होता.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडेही गेला नाही, कारण डॉक्टरने काही नाव दिलं असतं तर ते खरं झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका छोट्या नाट्यगृहात महिन्यातून एकदा नव्या गायकांना स्वतःची गाणी गायला मिळायची आणि त्यासाठीची निवड येत्या रविवारी होती. मुलगी वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. आता आपले कान गेले हे तिला कळलं तर ती काय करील? दुसऱ्या कुणाच्या चाली गाईल. करणारच ना, तिने का थांबावं? पण हा विचार आला की तो मोबाइल उचलून पुन्हा तोच सूर दाबायचा.

"यापुढे गिटार बंद," त्याने घरात जाहीर केलं. "बोटं आखडतात. आता मोबाइलवर कॉर्ड बसवायच्या. जमाना बदलला."

"बोटं आखडतात तर पाना कसा धरता हो?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं. तो तिच्याकडे न बघता मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.

अशी मोबाइलवर तीन ॲप्स आली. पहिल्यात रंगीत चक्र होतं. एक कॉर्ड दाबली की पुढे कुठल्या चालतील त्या उजळायच्या. दिसायला झकास, पण दर दोन मिनिटांनी केस गळण्यावरच्या तेलाची जाहिरात. शिवाय उजळलेल्या चारांतली चांगली कुठली हे कानानेच ठरवायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसऱ्यात तयार माळा होत्या, आनंदी, उदास, प्रवासाच्या, पावसाच्या. बटण दाबा नि गाणं घ्या. त्याने 'उदास' दाबून पाहिलं. चार कॉर्ड गोल गोल फिरत राहिल्या, शिफ्ट संपल्यावर कुणी बंद करायला विसरलेल्या मागासारख्या. दोन्ही कानांना ते सारखंच कंटाळवाणं वाटलं, एवढाच काय तो त्या ॲपचा फायदा.

तिसरं ॲप स्वतः ऐकायचं. त्याच्यासमोर गायचं, ते सूर लिहून घ्यायचं, खाली कॉर्ड सुचवायचं आणि जे बसलं ते हिरवं, जे बसलं नाही ते लाल दाखवायचं. हे पाहिल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्याला नसतील कान, याला तर आहेत! त्याने बाकीची दोन काढून टाकली, तिसऱ्याची वर्गणी भरली आणि मुलीला सांगितलं, "हे घेतलं. यात शिस्त आहे."

मुलगी खूश. बाप नव्या वाटेला लागला म्हणून तिला कौतुक. रोज संध्याकाळी ती गायची, हा मोबाइल मांडीवर ठेवून समोर बसायचा आणि तिच्याऐवजी पडद्याकडे बघायचा. ओळीमागून ओळ हिरवी व्हायची. हिरवं दिसलं की याची मान डोलायची आणि तोंडून 'छान' निघायचं.

अडचण आली ती फक्त एका जागी. रविवारच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला, जिथे ऐकणाऱ्याला वाटावं की आता आलोच घरी, तिथे त्याने एफ मायनर ठेवली होती. कान शाबूत असताना, दोन महिन्यांपूर्वी बांधलेली जागा. ॲपने तिथे लाल चौकोन काढला आणि शेजारी सुचवलं, साधी एफ. दोन्ही कॉर्डमध्ये फरक एकाच सुराचा, तोही अर्ध्या पायरीचा. पूर्वी झोपेतसुद्धा सांगितलं असतं त्याने. आता एकदा ही वाजवली, एकदा ती वाजवली, डावा कान बंद केला, उजवा बंद केला, आणि दोन्ही सारख्याच आंबट लागल्या. कदाचित तेव्हाही आपल्या कानांचं बिनसलेलं असेल. कदाचित ही जागा मुळातच चूक असेल. शनिवारी दुपारी त्याने लाल चौकोनावर बोट ठेवलं आणि तो हिरवा करून टाकला.

संध्याकाळी मुलगी त्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"बाबा, इथलं काय झालं?"

"सुधारलं."

"पण ते आधीचंच छातीत रुतायचं. हे तर... हे कुणाचंही आहे."

"तुला जास्त कळतं का? नियमात बसत नव्हतं ते."

"तुम्ही कधीपासून नियम बघायला लागलात?"

"गायचं असेल तर गा, नाहीतर उद्या जाऊच नकोस!" तो एवढ्या जोरात ओरडला की बायको आतून बाहेर आली. मुलीने वही मिटली. असा तो कधी बोलत नसे, आणि बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. रविवारी दोघं बसमध्ये शेजारी बसून गेली, ती खिडकीबाहेर बघत आणि हा तिकिटाच्या घड्या घालत.

निवड करणाऱ्या बाई साठीच्या होत्या. रिकाम्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या कडेला पियानोपाशी चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. मुलीने मोबाइल स्पीकरला जोडला आणि गाणं सुरू केलं. हा पहिल्या रांगेत बसला, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. आज समोर मोबाइलचा पडदाही नव्हता. मुलगी गातेय एवढं दिसत होतं, पण कशी गातेय ते दोन कान दोन तऱ्हेने सांगत होते. शेवटची ओळ संपली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"चाल कुणाची?" बाईंनी विचारलं.

"बाबांची," मुलीने त्याच्याकडे हात केला. कालचा राग तिच्या आवाजात नव्हता.

"चाल फार चांगली आहे. शेवटी मात्र माझी जरा निराशा झाली. इकडे या हो. सांगा, तुमच्या मनात ही होती," बाईंनी पियानोवर एक कॉर्ड वाजवली, मग दुसरी, "की ही?"

तो पियानोपाशी उभा राहिला. बाईंनी पुन्हा वाजवून दाखवल्या. त्याने बाईंच्या बोटांकडे बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये पियानोवरची पुस्तक टेकवायची पाटी आडवी येत होती. मुलगी त्याच्याकडे बघत होती. यात विचार करण्यासारखं काय आहे, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

"दुसरी," तो म्हणाला.

"दुसरी तर तुम्ही आत्ता ऐकवलीत तीच," बाई म्हणाल्या. "असो. हिच्याबद्दल सांगते. आवाज सुंदर आहे, पण वरच्या ओळींना सूर चढतो. थोडासाच, पण प्रत्येक वेळी. घरी कुणी सांगितलं नाही?"

मुलगी लाल झाली. "नाही, म्हणजे... बाबा ऐकतात ना रोज. बाबांचा कान फार पक्का आहे. चढला असता तर त्यांनी सांगितलंच असतं. आणि आम्ही ॲपवर पण बघतो, सगळं हिरवं येतं."

"अगं, ती ॲप्स थोडं वर-खाली झालं तर जवळच्या सुरावर नेऊन बसवतात. त्यांना कॉर्ड सुचवायच्या असतात, तुझी परीक्षा घ्यायची नसते." बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला नाही जाणवलं?"

हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. जाणवलं होतं पण म्हटलं आज तिला घाबरवू नये, असं काहीतरी. वाक्य जिभेवर तयारसुद्धा होतं. पण मुलगी बाईंपुढे त्याची बाजू घेऊन ताठ उभी होती, आणि ते त्याला बघवेना.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "माझे कान गेलेत. दोन कानांना दोन सूर ऐकू येतात. तिचा चढतो की नाही, मला सांगता येणार नाही. आत्ताच्या दोन कॉर्डपण मला कळल्या नाहीत."

बाईंनी पियानोवरचा हात काढून घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा या, तोवर सूर बसवा, आधी कानांच्या डॉक्टरकडे जा, असं बरंच काही त्या मऊ आवाजात बोलल्या. मुलीने मान डोलावली, स्पीकरची वायर काढून नीट गुंडाळली, आणि दोघं बाहेर पायऱ्यांवर आली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाला दीड महिना."

तो वाट बघत होता. ती रडेल, मला का नाही सांगितलं म्हणेल, किंवा आता मी दुसऱ्या कुणाच्या चाली घेते म्हणेल. या तिन्हींची त्याने तयारी केली होती.

"एवढ्या वर्षांत तुम्ही मला 'बरंय'च्या पुढे कधी काही म्हणाला नाहीत," ती म्हणाली. "आणि गेला दीड महिना रोज 'छान' म्हणताय. मी आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, की बाबा छान म्हणाले. मला वाटलं, मला शेवटी यायला लागलं."

याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. दीड महिना तो स्वतःचीच चोरी लपवत बसला होता.

"एकदा तरी होतं का हो छान?" तिने विचारलं. "एखाद्या दिवशी तरी?"

हो म्हणायला काय जात होतं? जीभ ते म्हणायला निघालीही होती.

"माहीत नाही गं," तो म्हणाला.