आईच्या हातात आलेली जपानी

आमच्या घरात त्या गाडीला कंपनीच्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. ती फक्त 'जपानी' होती. बाबा सकाळी फडकं घेऊन खाली जाताना म्हणायचे, "जरा जपानीला पुसून येतो." पावडरच्या डब्यासारखा फिकट निळा रंग, चार दारं, मागे दोन पिशव्या ठेवल्या की भरणारी डिकी. बाबा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि यंत्रांविषयी त्यांची मतं ठाम असत. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं, परत मिटलं आणि आम्हाला म्हणाले, "ऐका. पत्र्याचा आवाज येतो का? नाही येत."

त्या कंपनीचा इतिहास बाबांना पाठ होता. कुठून वाचला होता कोण जाणे. कोणी पाहुणा गाडीत बसला आणि कॉलेज रोडच्या सिग्नलला लाल दिवा लागला की ते सुरू करायचे. जपानमध्ये समुद्राकाठच्या गावात एक सुतार होता, त्याने आईसाठी लाकडी माग बनवला. तो माग इतका चांगला चालला की शेजारच्या बायकांनी मागितला. मग मागांचा कारखाना निघाला. पुढे लढाई झाली, लढाईनंतर कापडाचा धंदा बसला, आणि मागवाल्यांनी सायकलला लावायची छोटी इंजिनं करायला घेतली. सायकलवरून मोटारसायकल, मोटारसायकलवरून आपली ही. इथे बाबा स्टिअरिंगवर हलकेच थाप मारायचे. तेवढ्यात हिरवा दिवा लागलेला असायचा आणि मागचे हॉर्न वाजवत असायचे.

ही गोष्ट चालू असताना आई कायम झोपलेली असायची. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली की तिची मान काचेकडे कलायची. त्र्यंबकला जा, सप्तशृंगीला जा, निफाडला आत्याकडे जा, आईने वाटेतलं काही पाहिलेलं नसे. बाबा म्हणत, "हिच्यासाठी खिडकीच्या काचा उगाच बसवल्यात."

बाबा गेल्यानंतर गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. मी अधूनमधून जाऊन ती सुरू करून बघायचे. माझं घर जवळच आहे, पण माझी स्वतःची गाडी आहे आणि दोन्ही गाड्यांकडे लक्ष द्यायला कॉलेजातल्या शिकवण्याच्या तासांमधून वेळ मिळत नव्हता. पुण्याहून भाऊ म्हणाला, विकून टाकू. आईही हो म्हणाली. एका रविवारी गाडी बघायला एक गृहस्थ आले. सभ्य माणूस होता. त्यांनी बॉनेट उघडलं, टायर पाहिले, मग आत बसून किल्ली फिरवली. आई जिन्याच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली. गाडी बंद झाली तेव्हा तिने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, त्यांच्या मुलांची चौकशी केली आणि मग शांतपणे म्हणाली, "माफ करा हं. विकायची नाहीये."

ते गेल्यावर मी विचारलं, "मग करायचं काय तिचं?"

"मला शिकव," आई म्हणाली.

तिने साठी ओलांडली होती. आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

आम्ही तपोवनाकडच्या मोकळ्या जागेत जायला लागलो. कुंभमेळ्याला साधूंचे तंबू पडतात ती जागा. मेळा नसतो तेव्हा तिथे आखलेले रस्ते असतात, विजेचे खांब असतात आणि माणसं मात्र नसतात. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी गोदावरीवरून धुकं यायचं आणि रस्त्यांची टोकं त्यात बुडून जायची. आई शाल घट्ट लपेटून स्टिअरिंगमागे बसायची. पहिले काही दिवस क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद पडायची. आई दर वेळी गाडीलाच म्हणायची, "चुकलं माझं." मग पुन्हा किल्ली फिरवायची.

एका सकाळी गाडी एकदाची न अडखळता निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलच्या वेगाने, आम्ही त्या रिकाम्या रस्त्यांवरून फिरत होतो. धुक्यातून बगळे उठत होते. आई समोर बघत म्हणाली, "त्या सुताराच्या आईने त्या मागावर काय विणलं असेल, कधी सांगितलं नाही तुझ्या बाबांनी."

मी चकित झाले. "तुला ती गोष्ट माहितेय? तू तर झोपलेली असायचीस."

"डोळे मिटलेले असायचे. झोपही लागायची, पण ऐकू येत राहायचं."

आई मालेगावची. तिच्या माहेरी माग होते, घरामागच्या पत्र्याच्या लांब खोलीत. तिला त्या खोलीला कारखाना म्हणायची सवय होती, सगळं मालेगाव म्हणतं तसं. लहानपणी ती त्या खोलीच्या भिंतीला लागून झोपायची हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "गाडीच्या आवाजाने तुला मागांची आठवण येत असेल. म्हणून झोप लागत असेल."

आई हसली. "छे गं. माग केवढे ओरडतात. ही बिचारी किती गप्प असते." तिने वळण घेतलं, जरा मोठंच घेतलं, एक चाक मातीत गेलं आणि परत रस्त्यावर आलं. मग ती म्हणाली, "घरात डोळे मिटले की कोणीतरी हाक मारायचं. गाडीत कोणाला माझ्याकडून काही नको असायचं. ह्यांचं बोलणं चालू असायचं, तेही छान वाटायचं."

बाबा निदान एकदा तरी तिने जागं राहून ऐकावं म्हणून किती खटपट करायचे, ते मला आठवत होतं. त्यांना हे कळायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

परवाना मिळाला. आई आधी भाजीला जायला लागली, मग गंगापूर रोडने धरणापर्यंत, मग निफाडला आत्याकडे. निफाडहून ती द्राक्षं घेऊन यायची आणि सांगायची, वाटेत उसाच्या ट्रॅक्टरला कसं ओलांडलं. बाबांच्या हातात असताना गाडी आमच्या सगळ्यांची होती. आता ती तिची एकटीची झाली. आरशाला तिने काही लटकवलं नाही, देवाची मूर्तीही नाही. सीट मात्र पार पुढे घेतली आणि पाठीमागे लहान उशी ठेवली.

मग पुढच्या हिवाळ्यात एक दिवस मालेगावहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मामी नव्हती, मुलगा सुरतला नोकरीला होता आणि बापाला तिकडेच बोलावत होता. मामाने माग भंगारात द्यायचं ठरवलं होतं. बरेच गेले होते, एक राहिला होता. तोही त्या आठवड्यात जाणार होता.

"आपण जाऊ," आई म्हणाली. "मी चालवते."

मी शेजारी बसले. आडगाव, ओझर, पिंपळगाव. आग्रा रोडवर ती डाव्या बाजूने, आपल्या चालीने जात होती. मोठे कंटेनर आम्हाला ओलांडून जायचे तेव्हा गाडी किंचित हलायची आणि आई स्टिअरिंग थोडं घट्ट धरायची, एवढंच. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा धुक्यात होत्या. कुठे मांडवांचे खांब तेवढे दिसत, कुठे एखादा माणूस कमरेपासून वर दिसे. चांदवडचे डोंगर आले तेव्हा ऊन पडलं. आईने काच खाली केली. "हे डोंगर एवढे जवळ आहेत?" ती म्हणाली. ज्या रस्त्याने ती लग्न झाल्यापासून माहेरी जात-येत होती, तो रस्ता ती नवा असल्यासारखा बघत होती. राहुडच्या घाटात तिने गिअर बदलला, आणि बदलताना ओठांनी काहीतरी पुटपुटली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही. शाबास म्हटलं."

मालेगावात शिरल्यावर सायकली, रिक्षा, कापडाच्या गठड्यांच्या हातगाड्या. आई घामाघूम झाली, पण थांबली नाही. मामा गल्लीच्या तोंडाशी स्वेटर घालून उभा होता. गाडी थांबली तशी त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर ड्रायव्हर शोधावा तसं वाकून पाहिलं.

"गाडी कोन चालाडस?" त्याने विचारलं. घरात तो अहिराणीच बोलायचा.

"मी, दादा," आई म्हणाली.

मामाला ऐकू कमी येतं. आयुष्य मागांमध्ये काढल्यावर कान उरत नाहीत. तो तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला शब्द कळले, पण विश्वास बसायला वेळ लागला. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

जेवण झाल्यावर तो आम्हाला कारखान्यात घेऊन गेला. लांब खोली रिकामी झाली होती. जिथे माग होते तिथे जमिनीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते. शेवटचा माग भिंतीजवळ होता, त्यावर अर्धवट पांढरं कापड. मामाने बटण दाबलं.

मी लहानपणी तो आवाज ऐकला होता, पण विसरले होते. आधी कानांना धक्का बसला, मग आवाज पोटात गेला, मग आवाज आहे हेच लक्षात येईना. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी ती लाकडी होडी, इकडून तिकडे जात होती आणि दिसत नव्हती. कापड मात्र बोटाबोटाने पुढे सरकत होतं. आई मागाच्या एका बाजूला उभी होती, मामा दुसऱ्या. आणि ती दोघं बोलत होती. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, मधूनच बोटांनी. मागवाल्यांच्या घरात असंच बोलतात, हे मला माहीत नव्हतं. मामा काहीतरी म्हणाला, आईने मान हलवली. आई बराच वेळ काहीतरी सांगत होती. मामाने डोळे पुसले, मग लगेच हसला. त्या घरात ऐकू न येणारी मी एकटी होते. छताच्या भोकातून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्यात कापसाची धूळ सावकाश फिरत होती. माझ्या आईला एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माग बंद झाल्यावर खोली फार मोठी वाटली. मी आईला विचारलं, "काय बोलत होतात?"

"आमचं काहीतरी," ती म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत निघायचं होतं. पण मामाला गाडीत बसायचं होतं. तो पुढे बसला, मी मागे गेले. आईने गाडी सुरू केली. मामा वाट बघत होता.

"चालू शे का?" त्याने विचारलं.

आईने त्याचा तळहात उचलून समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला. त्याचा चेहरा बदलला. "शे," तो म्हणाला. मोसम नदीच्या पुलापर्यंत आणि किल्ल्याच्या बाजूने परत येईपर्यंत त्याने हात काढला नाही. पुलाजवळ आईने गाडी कडेला घेतली आणि त्याच्याकडे तोंड करून, हळूहळू, बाबांची ती गोष्ट त्याला सांगितली. समुद्राकाठचा सुतार, आईसाठी केलेला माग, बसलेला धंदा, सायकलची इंजिनं. बाबांपेक्षा तिने ती छोटी करून सांगितली, पण काही सोडलं नाही.

मामा विचारात पडला. मग म्हणाला, "मागवालाच व्हता म्हना तो." थोड्या वेळाने मिश्कीलपणे म्हणाला, "माले कोनी सांगं नही. मी बी मोटारी कऱ्या असत्या."

आई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

त्याला घरी सोडताना ती खाली उतरून त्याच्या पाया पडली. सुरतला कधी जाणार, तिथे कोण डॉक्टर, थंडीचं काय, सगळं विचारून झालं. तो म्हणाला, जाण्याआधी नाशिकला येईन. आई म्हणाली, "येऊ नकोस. मीच न्यायला येते."

परतीच्या वाटेवर उमराण्याजवळ कांद्याचे ट्रॅक्टर अडकले होते. रांग हलेना, तेव्हा आई उतरली आणि पाठ सरळ करत बॉनेटला टेकून उभी राहिली. ऊन उतरत होतं, हवेत कांद्याचा वास होता. शेजारच्या ट्रॅक्टरवरचा शेतकरी गाडीकडे बघत होता. त्याने विचारलं, "मावशी, घ्यायची हे आम्हाला अशीच एक. कशी हे गाडी? खरं सांगा बरं."

आईने प्रश्न मनावर घेतला. ती म्हणाली, "सीट खाली आहे, उतरताना गुडघे दुखतात. पाऊस असला की काचेवर वाफ धरते, फडकं जवळ ठेवा. घाटात माणसं भरली तर जरा धापा टाकते, तेव्हा घाई करायची नाही. खड्ड्यात खाली घासते. मागे उंच माणसाला बसवू नका." तिने बॉनेटवर हात ठेवला. "पण उभी करून ठेवली, विसरून गेलो, तरी किल्ली फिरवली की उठते. रागावत नाही. आणि दार लावून बघा तुम्ही, पत्र्याचा आवाज येत नाही."

शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरला. त्याने दार उघडलं, मिटलं आणि मान डोलावली. "आणखी काय?" त्याने विचारलं.

पुढची रांग हलायला लागली होती. लोक आपापल्या गाड्यांकडे पळत होते. आई मात्र त्याला बॉनेट उघडायची कळ कुठे असते ते दाखवत होती.