तक्त्यातली वगळलेली ओळ

प्रयोगशाळेचं दार बरोबर साडेसातला बंद व्हायचं. ते बंद करणाऱ्या मॅडमच्या डब्यात मी लाटलेल्या पोळ्या असायच्या. आणि मी दाराबाहेर.

असं तीन वेळा झालं. तिन्ही वेळा आतून मॅडमचा आवाज आला, "उशिरा येणाऱ्यांनी कॅन्टीनमध्ये बसावं. तिथे कुणी घड्याळ बघत नाही." मग हशा.

आम्ही वाशीमकडचे. बाबा कर्वेनगरच्या एका सोसायटीत वॉचमन. पार्किंगमागची एक खोली, खिडकी नाही, गाड्यांचा धूर थेट अंथरुणात. आई त्याच सोसायटीत चार घरी पोळ्या करायची. त्यातलं एक घर मॅडमचं. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. लिफ्टमध्ये माझ्यासमोर लोकांना सांगायच्या, "वॉचमनची मुलगी. मीच घातली कॉलेजात." मी मान खाली घालून हसायचे. आज त्या हसण्याचा राग येतो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आई ओल्या जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं. कामं सुटू नयेत म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले. तीन घरांनी ऐकलं, म्हणाले, संध्याकाळी कर. मॅडमना मात्र सकाळीच हव्या, तव्यावरच्या. मी विचारलं, सहालाच करून ठेवू का?

"अगं, ठेवलेली पोळी वातड होते."

सव्वासातला डबा घेऊन त्या स्कूटरवर निघायच्या. मागची सीट रिकामी. मी ओटा पुसून, पोळपाट धुऊन मागून पळत. पायी रस्ता वीस मिनिटांचा. "बस मागे" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मीही तोंड उघडलं नाही. वाटायचं, आपला फॉर्म भरलाय त्यांनी.

तीन प्रयोग बुडाले. जर्नल पूर्ण नाही तर मॅडमची सही नाही. सही नाही तर परीक्षेला बसायचं नाही. शेवटची तारीख शनिवार.

त्याच आठवड्यात सोमवारी मॅडमनी वेळेच्या नियोजनावर तास घेतला. प्रत्येकाकडून दिवसाचा चोवीस तासांचा तक्ता आधीच भरून घेतला होता. पोरांनी योगा लिहिला, अवांतर वाचन लिहिलं. मी जे होतं ते लिहिलं. मला वाटलं, खरंच विचारतायत.

पडद्यावर माझं अक्षर आलं.

"नाव घेत नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. सगळा वर्ग वळला.

"पहाटे साडेचार ते सहा, जर्नल. संध्याकाळी पाच ते आठ, तीन घरच्या पोळ्या." मधली सकाळची ओळ त्यांनी सोडून दिली. "यात अभ्यास शोधायला दुर्बीण आणा कुणीतरी. चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात हो. तेही फुकट. काहींना तेसुद्धा पुरत नाहीत."

मागून कुणीतरी "पोळीभाजी केंद्र" म्हणालं. वर्ग हसत सुटला. मॅडमही हसल्या.

मी उभी राहिले.

"मॅडम, एक ओळ राहिली."

"खाली बस."

बसले नाही. पडद्यावरून मोठ्याने वाचलं. "साडेसहा ते सव्वासात, मॅडमच्या घरच्या पोळ्या. त्यापुढे मॅडमचा ओटा. म्हणून मला उशीर होतो."

हसणं थांबलं.

"वैयक्तिक गोष्टी वर्गात आणायच्या नसतात."

"तक्ता तुम्हीच लावलात, मॅडम."

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज अगदी हळू. "फॉर्म कुणी भरला होता, ते घरी विचार. आणि शनिवार लक्षात ठेव."

घरी सगळं सांगितलं. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. "पाय धर बाई त्यायचे. सही नाई देल्ली तं वरीस जाईन तुयं."

"जाऊ दे वरीस. पाय नाही धरणार."

बाबा उठले. टोपी घालून गेटवर गेले.

मंगळवारी मी मॅडमच्या घरी गेले नाही. थेट कॉलेज. विभागप्रमुखांच्या टेबलावर अर्ज ठेवला. बुडालेले तीन प्रयोग दुपारच्या बॅचबरोबर करू द्यावेत. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला. "हे नियमात आहेच की. मॅडमनी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. तीन दिवसांत तीन प्रयोग केले. शनिवारी जर्नल मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी वर न बघता सही केली. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, आईने यापुढे यायची गरज नाही. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मॅडम लिफ्टपाशी भेटल्या. "बघ, शेवटी शिस्त लागली."

"शिस्त होतीच, मॅडम. माझा वेळ तुमच्याकडे होता."

लिफ्ट आली. त्या एकट्याच वर गेल्या.

आज मी खराडीत एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते. कुणी मदत करतो म्हणालं की तोंडावर विचारते, बदल्यात काय पाहिजे? लोक उद्धट म्हणतात. म्हणू देत. जे झालं ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. आईकडे आणि बाबांकडे मिळून पहिली पदवी. ती मी मिळवली.