समोर बसलेल्या माणसाची आठवण

चिकलठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना सगळी गल्ली संतापी म्हणायची. त्या मूळच्या फुलंब्रीकडच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि कुणी 'कशा आहात?' विचारलं की उत्तर ठरलेलं, "डोकं फिरलंय माझं." काकांची स्मृती हळूहळू जात होती. जेवून उठले की ते पुन्हा ताट मागायचे आणि काकू भांडी आपटायच्या.

एका सकाळी मी त्यांचं दळण आणून द्यायला गेलो, तेव्हा काका त्यांना अदबीनं विचारत होते, "बाई, तुम्ही कुणाकडं आलात?"

काकू तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. मी पिठाचा डबा ठेवायला मागं गेलो, तर नळ वाहत होता आणि त्या नुसत्याच उभ्या होत्या.

"लई राग आला का, काकू?"

"मला बी इतके दिवस तसंच वाटायचं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण राग नाय हा. मला ह्यांची आठवण येती रे. समोर बसलेल्या माणसाची आठवण येती."

त्यांनी नळ बंद केला, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन काकांपुढं उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडंच आले," त्या म्हणाल्या. "बसू का थोडं?"

काकांनी सरकून जागा दिली.