चालू गाडीला लावलेला मीटर

आमच्या ह्यांना सगळी गल्ली कानसेन म्हणते. गाण्यातलं ह्यांना ओ की ठो कळत नाही, पण सकाळी एखादी गाडी सुरू होताना कण्हली, की हे हातातला कप खाली न ठेवता सांगणार, "बॅटरी गेली." जन्मभर गाड्यांचं वायरिंग केलं ते कानाच्या भरवशावर. व्होल्ट मोजायचा मीटर असायचा तो गिऱ्हाइकाची खात्री पटवायला. आणि चालू गाडीच्या बॅटरीला मीटर लावणारा कुणी दिसला, की त्याची धडगत नसे. "पाहुण्यांसमोर संसार तपासतोस होय रे? चालू इंजिन वीज ओततं, मीटर तीच दाखवतो. इंजिन बंद कर, तिला निजू दे, मग विचार तब्येत!" चारचौघांत असं बोलायचे की समोरचा मान वर करत नसे.

सुनेने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि प्रवासी न्यायला लागली, तेव्हा आता आपल्या विद्येला काम नाही म्हणून हे तोंड पाडून बसले होते. मग कळलं, तिच्यातही जुन्या गाड्यांसारखी एक लहान बॅटरी असते. चाकं फिरवते ती मोठी. पण दारं उघडणं, दिवे, समोरचा पडदा आणि मुख्य म्हणजे मोठीला जागं करणं, हे सगळं धाकटीकडे. ती बसली तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. झालं, ह्यांच्या अंगात बळ संचारलं. "सूनबाई, धाकटीची काळजी माझी."

दर रविवारी तपासणी. सून आतून बॉनेट उघडून द्यायची आणि फोन चार्जिंगला लावून तिथेच बसायची. हे बॉनेटला कान लावणार, आवाज नाही म्हणून मान डोलावणार, मग मीटर. आकडा चौदाच्या वर. "बघ, नव्या मालाचा दम!"

मध्यंतरी पडद्यावर सूचना यायला लागली, लहान बॅटरी तपासून घ्या. सून म्हणाली, "बाबा, सर्व्हिसला दाखवून आणू का?"

"पडदा काहीही सांगतो. माझा मीटर खोटं बोलत नाही."

तिने ऐकलं. ती ह्यांचं सगळंच ऐकते, आणि मला त्याचाच राग येतो.

तिचं एक बांधलेलं काम होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना डायलिसिससाठी हॉस्पिटलात न्यायचं. तिथे मशीनची वेळ ठरलेली असते, चुकली की गेली. त्या दिवशी नेमकं गाडीचं दार उघडेना. किल्ली घालून उघडलं तर पडदा काळा, बटण दाबलं तरी ढिम्म. शेजारी जमले, वॉचमन आला. हे जिना उतरले ते ओरडतच. "आतला दिवा चालू ठेवला असशील! एवढं साधं कळत नाही? चांगली बॅटरी मारलीस!"

सुनेचे डोळे भरून आले. आतला दिवा राहिला असेल, असं म्हणत ती फोनवर बाईंची माफी मागत राहिली. बाईंना दुसरी गाडी मिळेपर्यंत मशीनवर दुसरा रोगी गेला होता. उद्या या, म्हणाले.

माणसं पांगल्यावर ह्यांनी आपल्या दुकानातली बॅटरी आणून तारा जोडल्या, मीटर लावला. आकडा बाराच्या आसपास. सुनेने आत बसून बटण दाबलं. आकडा उडी मारून चौदाच्या वर गेला. आवाज मात्र काहीच नाही.

"काय केलंस?"

"गाडी चालू केली, बाबा."

"ही चालू आहे?"

"हो. हिला आवाज नसतोच."

"मग रविवारी, तू आत बसायचीस तेव्हा..."

"चालूच असायची. फोन लावलेला असायचा ना." बोलता बोलता तिलाही उमगलं.

म्हणजे इतके रविवार मीटर दाखवत होता ती मोठीने ओतलेली वीज. धाकटीची तब्येत एकदाही कुणी विचारली नव्हती. निजलेली बॅटरी चौदा दाखवत नाही, हे ह्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण कानाने गाडी बंद ठरवली होती, मग डोळ्यांना कोण विचारतो! ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मलाच बघवेना.

तेवढ्यात वॉचमन डोकावला. "सापडलं का काही?"

ह्यांनी तोंड उघडण्याआधीच सून म्हणाली, "आतला दिवाच राहिला होता माझ्याकडून."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. आता बोलतील, मग बोलतील. हे तारा गुंडाळत राहिले. लाज वाटली मला. ह्यांची, आणि ह्यांची बायको म्हणून माझीही.

संध्याकाळी आम्ही तिघं बाईंच्या घरी गेलो. खुर्चीत बसलेल्या बाईंचे पाय सुजून टम्म झाले होते, चप्पल चढत नव्हती. ह्यांची नजर त्या पायांवरून हलेना.

बाई ह्यांनाच समजावू लागल्या. "सुनेला रागावू नका हो. पोर सकाळपासून रडकुंडीला आली आहे. दिवा काय, कुणाकडूनही राहतो."

सून घाईने म्हणाली, "बाबा, निघू या का?"

"थांब," हे म्हणाले. "दिवा राहिला नव्हता, बाई. मी चालू गाडीला मीटर लावत होतो."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या सुनेकडे बघायला लागल्या. सून मान खाली घालून उभी होती, चूक तिचीच असल्यासारखी.