भावजींचा कॉम्प्रेसर आणि माझी चार पापलेटं

पालघरपासून तारापूरपर्यंत थंड हवेच्या गाडीतून फिरलेला एकही माणूस असा नसेल, ज्याने माझ्या नणंदेच्या नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. मीही खाल्ल्या, आणि माझ्याकडे तर गाडी नव्हती, माशांची पाटी होती. भावजींना गाडीवाला आणि पाटीवाली यांत फरक वाटत नसे. थंडीची किंमत न कळणारा तो गाढव, एवढं त्यांचं शास्त्र सरळ होतं.

ते मूळचे बर्फ फॅक्टरीतले. आमच्या किनाऱ्यावर बोटींना बर्फ पुरवणारी फॅक्टरी होती, तिथल्या मोठ्या कॉम्प्रेसरवर त्यांनी वीस वर्षं काढली. ती बंद पडली आणि भावजी घरी बसले. घरी बसले म्हणजे माझ्या नणंदेच्या डोक्यावर बसले. मग बोईसरच्या साहेब लोकांच्या गाड्यांना एसी आले. भावजींनी एका गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावलं आणि इंजिनाला चिकटून पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर बघून म्हणाले, "हा तर आपल्या मशीनचा नातू हाय." लगेच बोईसरच्या रस्त्याला पत्र्याची शेड भाड्याने घेतली.

गाडी आली की आधी ते काही विचारत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक कॉम्प्रेसरला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललं तर संपलंच. एकदा गाडीचा मालक खोकला, तर त्याला रस्त्यापलीकडे जाऊन खोकायला लावलं. गॅस कुठून गळतो ते शोधायला पाइपांच्या जोडांना साबणाचा फेस लावायचे. फुगा आला की गळती. तो साबण नणंदेच्या मोरीतून जायचा. पुढेपुढे फेस लावायची त्यांना चटकच लागली. माझ्या घरी आले की चहाआधी शेगडीच्या नळीला फेस लावून बघायचे. एकदा पालघरच्या रेल्वे फाटकात लग्नाची गाडी उभी होती. भावजींनी जाता जाता ऐकलं की आत पट्टा ओरडतोय. गाडी ओळखीची ना पाळखीची, पण नवऱ्यामुलाला खाली उतरवला, मुंडावळ्यांसकट बॉनेट धरून उभा केला आणि पट्टा ताणून दिला. फाटक उघडून परत बंद झालं. मुहूर्त गेला असेल, पण वऱ्हाड थंडगार गेलं.

थंडीच्या दिवसांत तर त्यांची जीभ जास्तच चालायची. पौषात कोणाची गाडी दिसली की विचारायचे, एसी शेवटचा कधी लावला. माणूस म्हणायचा, थंडीत कशाला लावू? मग भावजी त्याचं घराणं काढायचे. कॉम्प्रेसर बंद ठेवला की आतलं तेल फिरत नाही, तेल फिरलं नाही की रबराचं सील सुकतं, सील सुकलं की गॅस जातो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवायचाच. माझं आणि नणंदेचं कधी पटलं नाही, दोष दोघींचा होता. तरी भावजी दर रविवारी तिला घेऊन शिरगावला माझ्या घरी हजर. ती ओट्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मी एकदा म्हटलं, हिला कशाला ओढून आणता? तर म्हणाले, "वैनी, दहा मिन्टं बसा. सील सुकतं."

एका वैशाखात कंपनीच्या मोठ्या साहेबाची पांढरी गाडी त्यांच्याकडे आली. कॉम्प्रेसर पार जाम झालेला. मुंबईचा मेकॅनिक आठ दिवस मागत होता, भावजींनी तीन सांगितले. साहेबाने अट घातली की ही गाडी नीट झाली तर कंपनीच्या सगळ्या गाड्या इथे, नाहीतर सगळ्या मुंबईला. आणि थकलेल्या भाड्यासाठी शेडचा मालक दारात येऊन उभा राहिला होता. हे काम फसलं असतं तर शेड गेली असती, आणि नणंदेने त्यांच्यासाठी रखवालदाराची नोकरी बघूनच ठेवली होती.

भावजींनी जुना कॉम्प्रेसर उतरवला, पाइप धुतले, नव्यात तेल मोजून घातलं, सीलं बदलली, पंपाने आतली हवा ओढून काढली आणि गॅस भरला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी घेऊन माझ्या दारात. चार वाजता साहेब येणार होता. म्हणाले, चार पापलेटं घ्या, बर्फ नको, मागे बसा. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. थंडी मोजायची ती माशावर, कारण मासा खोटं बोलत नाही.

शिरगावहून निघालो. मला तर हुडहुडी भरली. पालघर मागे पडलं आणि हळूहळू वारा मंदावला. पुढे नुसती घरघर, हवा नाही. पापलेटाचा डोळा मला चांगला कळतो. तो धुरकटायला लागला होता.

"भावजी, वारा मेला," मी म्हटलं.

"मरंल कसा? मशीन एक मिनिट थांबलेलं नाय."

शेडवर पोचल्यावर त्यांनी गाडीच्या आत, हवा येते तो समोरचा भाग उघडला. आतली जाळी बर्फाने गच्च भरलेली. भावजींचा चेहरा खुलला. म्हणाले, "बगा वैनी, बर्फ धरलाय. अजून काय पायजे?"

"बर्फानेच वाट अडवली. वारा कुठून येणार? म्हावरं बर्फात ठेवतात भावजी, साहेबाला नाय."

ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत वाकले. गाडीत एक बटण असतं, थंडी पुरे झाली की ते कॉम्प्रेसर थांबवतं. भावजींनी त्याचा स्क्रू असा पिळला होता की तो कधी थांबूच नये. बर्फ फॅक्टरीत मशीन थांबलं की कोणाची तरी बोट बुडाल्यासारखी धावपळ. थांबणारं मशीन त्यांच्या लेखी आळशी. वीस वर्षांची सवय, ती साहेबाच्या गाडीत शिरली.

त्यांनी स्क्रू मागे घेतला. बर्फ वितळायला तासभर गेला. मग चालू केलं. टक् करून कॉम्प्रेसर लागायचा, टक् करून सुटायचा. तो सुटला की भावजींचाही श्वास अडकायचा. मी म्हटलं, "घेऊ द्या त्याला दम. तुमीबी घ्या." वारा मात्र चांगला लागत होता.

वास राहिला. लिंबू चोळलं, उदबत्ती लावली, तर लिंबू-उदबत्तीत शिजवलेल्या पापलेटाचा वास यायला लागला. चारला साहेब आला, आत बसला, नाक मुरडलं. भावजींना खोटं बोलता येत नसे. ताठ उभे राहून म्हणाले, "साब, पापलेट है. टेस्टिंग के लिए." साहेब शुद्ध शाकाहारी. काचा लावून गेला तो तारापूरपर्यंत जाऊन आला. आम्ही दोघं रस्त्यावर उभे, भावजींच्या हातात तो स्क्रू-ड्रायव्हर.

साहेब परतला, काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाला, "ठंडक बढ़िया है. बाकी गाड़ियों में मछली मत बिठाना."

त्या दिवशी भावजी रस्त्यात नाचले. वयाला शोभलं नाही, पण नाचले. ती चार पापलेटं आम्ही शेडमध्येच खाल्ली. नणंदेने घरून शेगडी आणून तळली, आणि बरी तळली, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

साहेबाचा जुना जाम झालेला कॉम्प्रेसर त्यांनी मला आणून दिला. माझं दार खाऱ्या वाऱ्याने आपटायचं. अजून तोच दाराला लावलेला आहे. हलत नाही. भावजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेले तेही टक् करून, कोणाला त्रास न देता.

रविवारी मी नणंदेकडे जाते. बोलायला आम्हा दोघींकडे काही नसतं. ती चहा ठेवते, मी शेगडीच्या नळीला साबणाचा फेस लावून बघते. दहा मिनिटं बसते आणि उठते.